फळ आणि फळांचा रस : पोषकद्रव्यांचे शोषण

अख्खे फळ खाल्ल्यावर आणि त्याच फळाचा रस प्यायल्यावर शर्करा, जीवनसत्त्वे व रंगद्रव्ये आतड्यातून रक्तात किती वेगाने व किती प्रमाणात जातात, यातील फरक. रस म्हणजे फळाचे सार आणि चोथा टाकाऊ, ही समजूत जुनी आहे. आजाऱ्याच्या उशाशी मोसंबीचा रस येतो तो त्याच समजुतीपोटी. शरीराचा हिशेब मात्र इतका सरळ नाही.

फळातील शर्करा पेशींच्या आत असते व प्रत्येक पेशीभोवती सेल्युलोज आणि पेक्टिन यांची भिंत असते. चावताना यांतील काहीच पेशी फुटतात. घन अन्न घुसळून एकदोन मिलिमीटरइतके बारीक झाल्यावरच जठर ते पुढे सोडते. रस फारसा न अडता लहान आतड्यात उतरतो. तेथे ग्लुकोज सोडियमच्या जोडीने आत ओढले जाते, तर फ्रुक्टोजचे वाहक प्रथिन वेगळे आहे आणि त्याची क्षमता बेताची. फ्रुक्टोजचा लोंढा एकदम आला की उरलेला भाग तसाच मोठ्या आतड्यात जाऊन पोट फुगते. सफरचंद व नासपती यांच्या रसात सॉर्बिटॉलचीही भर असते, म्हणून तो जास्त झाला तर लहान मुलांना जुलाब होतात.

या विषयावरचा गाजलेला प्रयोग १९७७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. हेबर, हीटन व सहकाऱ्यांनी दहा निरोगी व्यक्तींना सफरचंद तीन रूपांत दिले : अख्खे, वाटून आणि रस काढून. कर्बोदके प्रत्येक वेळी ६० ग्रॅमच. रस अख्ख्या फळाच्या अकरापट वेगाने संपला. रक्तशर्करा मात्र तिन्ही वेळा साधारण सारखीच चढली; ‘रसाने साखर जास्त चढते’ एवढेच सांगणारे हा भाग गाळतात. फरक दिसला तो उतरताना. रसानंतर इन्शुलिन अधिक स्रवले आणि रक्तशर्करा उपाशीपोटीच्या पातळीखाली घसरली. अख्ख्या फळानंतर तसे झाले नाही, आणि भूकही त्यानेच सर्वांत चांगली भागली. वाटलेल्या गरात चोथा पुरता शिल्लक होता, तरी त्याचे परिणाम मधलेच निघाले. म्हणजे चोथा नुसता असून भागत नाही, त्याची वीण शाबूत असावी लागते.

जीवनसत्त्व क दोन्ही रूपांतून जवळजवळ सारखेच मिळते. कॅरोटिनॉइडांच्या बाबतीत तर रसच सरस ठरतो : संत्र्यातील बीटा-क्रिप्टोझँथिन फोडींपेक्षा रसातून अधिक शोषले जाते, कारण पेशी आधीच फुटलेल्या असतात व पेक्टिनचा अडथळा कमी असतो. ही द्रव्ये स्निग्धात विरघळतात, त्यामुळे आमरसावर तुपाची धार धरण्याची महाराष्ट्रातील रीत शोषणाच्या दृष्टीनेही सोयीची आहे. (आमरस हा नावापुरता रस, प्रत्यक्षात तो गाळलेला गर.)

जे शोषले जात नाही ते वाया जाते, असेही नाही. संत्र्याच्या फोडींवरच्या ज्या पांढऱ्या शिरा आपण निगुतीने सोलून टाकतो त्यांत हेस्पेरिडिन भरपूर असते. ते आणि चोथा मोठ्या आतड्यात पोहोचतात. तेथील जिवाणू चोथ्यापासून ब्युटिरेटसारखी मेदाम्ले तयार करतात व त्यांवर आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात. गाळलेल्या रसात यातले फार थोडे उरते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शिकेत रसातील नैसर्गिक शर्करेची गणना मध व पाक यांच्याबरोबर ‘मुक्त शर्करे’त केली, अख्ख्या फळातील शर्करा त्यातून वगळली आहे. भारताच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये वेष्टनावरचा ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढण्याचे आदेश दिले.

रसाचा वेग उपयोगी पडतो तो इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेहीची रक्तशर्करा ७० मिलिग्रॅमच्या (दर १०० मिलिलिटर रक्तामागे) खाली गेली तर. रुग्ण शुद्धीवर असल्यास सुमारे १५ ग्रॅम शर्करा, म्हणजे साधारण अर्धा कप रस देतात व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासतात. अशा वेळी सफरचंद चिरत बसू नये.