१४२८५७ : एक संख्या आणि एक शाळामास्तर

माणिकपूरहून वसई रोड स्टेशन गाठले आणि डहाणूची गाडी धरली, की विरार, पालघर, बोईसर मागे टाकून आपण डहाणू रोडला उतरतो. याच डहाणूत १७ जानेवारी १९०५ रोजी दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म झाला. तेव्हाचा ठाणे जिल्हा, २०१४ पासूनचा आपला पालघर जिल्हा. 'कापरेकर संख्या' हे नाव आज देशोदेशीच्या गणिताच्या पुस्तकांत आहे. पण आपल्या मुलाबाळांना ते किती ठाऊक आहे? म्हणून आम्ही हा लेखनप्रपंच केला.

फर्ग्युसन कॉलेजात शिकताना १९२७ साली कापरेकरांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते पदवीधर झाले आणि १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे देवळालीला शाळेत मास्तर राहिले. एम. ए. नाही, प्रोफेसरकी नाही. अनेक विद्वानांनी त्यांचे काम पोरखेळ ठरवले. गुरुजींनी मात्र आकड्यांचा नाद सोडला नाही.

त्यांचा शोध चौथीच्या मुलालाही कळेल असा आहे. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५! अशी संख्या म्हणजे कापरेकर संख्या. आता मोठी घ्या, १४२८५७. हिचा वर्ग २०४०८१२२४४९. शेवटचे सहा अंक वेगळे काढले की २०४०८ आणि १२२४४९ उरतात, आणि त्यांची बेरीज होते १४२८५७.

ही काही जादू नव्हे, यामागे कारण आहे. १४२८५७ ला सातने गुणले की ९९९९९९ येतात, आणि तिच्याहून एकने लहान असलेल्या १४२८५६ ला सातने नि:शेष भाग जाऊन २०४०८ येतात. म्हणून १४२८५७ गुणिले १४२८५६ म्हणजेच ९९९९९९ गुणिले २०४०८. तुकड्यांची बेरीज जुळते ती यामुळेच. हिला दोनपासून सहापर्यंत कशानेही गुणा, तेच सहा अंक त्याच क्रमाने फिरून येतात : २८५७१४, ४२८५७१, ५७१४२८, ७१४२८५, ८५७१४२.

कापरेकरांचा ६१७४ हा आकडा तर आणखी प्रसिद्ध. आपल्या सर्वांच्या मनात कोरलेले साल घ्या, १९५६. अंक उतरत्या क्रमाने ९६५१, चढत्या क्रमाने १५६९, वजाबाकी ८०८२. पुन्हा तसेच केले की ८५३२, आणि तिसऱ्यांदा ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येणार. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येऊन थांबते.

१९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात लिहिले आणि गुरुजींचे नाव जगभर गेले. तोवर ते निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

ज्याला पोरखेळ म्हटले गेले त्याची दखल अखेर जगाने घेतली. त्यासाठी लागला फक्त कागद, पेन्सिल आणि चिकाटी. जयंतीला आपण मुलांना वह्या वाटतो. पुढच्या खेपेस पहिल्या पानावर ४५ चा वर्ग मांडून द्यावा आणि पुढची आकडेमोड पोरांनाच करू द्यावी, ही विनंती.