पिन कुठे, ओढ कुठून

कापसाच्या हंगामात राजुऱ्याच्या रस्त्यावर जिनिंगला निघालेल्या ट्रॉल्या आणि गडचांदूर-आवारपूरकडचे सिमेंटचे ट्रेलर शेजारून धावतात. वेग वाढला की ट्रॉली शेपटीसारखी हलू लागते. ट्रेलर मात्र सहसा सरळ राहतो. कारण जोडात आहे. ट्रॉलीची पिन ट्रॅक्टरच्या मागच्या आसाच्या बरीच मागे असते. ट्रॉली बाजूला गेली की त्या अंतराची तरफ होते, ट्रॅक्टरचा मागचा भाग ढकलला जातो, तोंड दुसरीकडे वळतं आणि झोल वाढत जातो. ट्रेलरची किंगपिन ओढणाऱ्या गाडीच्या जवळजवळ मागच्या आसांवरच बसते. तिथे तरफच उरत नाही.

जोड सुधारायची खटपट सुरू झाली ती नांगरामुळे. पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रॅक्टर नांगर नुसता ओढत असे. फाळ दगडात अडकला की चाकं फिरतच राहत, तोंड वर उठे आणि ट्रॅक्टर चालकावर उलटे. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने यावर तीन जोडांची रचना बसवली: खाली दोन आर्म, वर टॉप लिंक. १९२६ साली त्याने हायड्रॉलिक नियंत्रणाचं पेटंट घेतलं. १९३८ मध्ये हेन्री फोर्डशी नुसत्या हस्तांदोलनावर करार झाला आणि १९३९ मध्ये फोर्ड ९एन बाजारात आला.

खरी मेख खालच्या आर्ममध्ये आहे. ते समांतर नसतात, पुढे जवळ येत जातात. त्यांच्या रेषा वाढवल्या तर पुढच्या आसाजवळ मिळतात. नांगर मागे असूनही जणू त्या बिंदूला जोडलेला असतो, म्हणून पुढच्या चाकांमागे सरळ चालतो. १९९०च्या दशकात अमेरिकेत जिम हेन्स्लीने हीच भूमिती राहत्या ट्रेलरच्या जोडाला लावली आणि वळणबिंदू ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या आसाजवळ नेला.

चेन्नईच्या टॅफेमार्फत १९६०च्या दशकापासून ही तीन जोडांची रचना असलेला मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर आपल्याकडे आला. पण ट्रॉली अजून एकाच पिनवर चालते. काही जण ती आर्मला लावलेल्या भोकांच्या पट्टीला जोडतात. आर्मना आवरणारी चेक चेन ढिली असली की पट्टीच डावी-उजवी सरकते आणि झोलाला आणखी वाव मिळतो. पिन आसाच्या वर घेतली तर ट्रॅक्टर पुन्हा मागे उलटायला मोकळा. म्हणून पक्का, खालचा हुक वापरावा. ट्रॉलीतला भार थोडा पुढे ठेवावा. बंडी उलाळ होऊ नये म्हणून गाडीवान हेच करत आले. आणि झोल जाणवला की स्टिअरिंगशी झगडू नये, हळूहळू वेग उतरवावा.