गव्यांच्या मुलखातला मुक्काम

कोल्हापूरहून पश्चिमेला निघालेला रस्ता कळे, साळवण, असळज अशी गावं मागं टाकत ५५ किलोमीटरांवर गगनबावड्याला पोचतो. तिथून पुढं जमीन एकदम खाली कोकणात उतरते. करूळ घाटानं गेलं तर वैभववाडी, भुईबावडा घाटानं गेलं तर खारेपाटण. धुकं, धबधबे आणि गगनगडावरचा गगनगिरी महाराजांचा आश्रम यांच्या ओढीनं माणसं पूर्वीपासून इथं येत आली. आता त्यांच्यासाठी रिसॉर्ट, फार्महाऊस आणि तंबूंचे मुक्काम उभे राहिलेत आणि पाहुण्यांची मागणीही बदलली आहे. नुसती खोली आणि तांबडा-पांढरा रस्सा त्यांना पुरत नाही; त्यांना जनावर बघायचं असतं, तेही आरामात राहून.

ही मागणी नवी वाटते, पण कोल्हापूरच्या मुलखात जंगलातला ऐषारामी मुक्काम आणि जनावराचं दर्शन घडवण्याची व्यवस्था शंभर वर्षांहून जुनी आहे. तिचं नाव सफारी नव्हतं, शिकार होतं. त्या व्यवस्थेतलं काय टिकलं आणि काय हरवलं, हे आज गगनबावड्यात मुक्काम आखणाऱ्या प्रत्येकानं बघायला हवं.

गगनबावडा म्हणजे पंत अमात्यांचा बावडा. कोल्हापूर संस्थानाच्या जहागिऱ्यांत विशाळगड, कागल, इचलकरंजी यांच्या जोडीनं बावड्याचं नाव येतं. या घराण्याचे मूळ पुरुष रामचंद्रपंत अमात्य यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कुठून आणि कसं आणावं याचा विचार आहे. सागवानासारखी झाडं लागतील तेवढीच, परवानगीनं तोडावीत; आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात; जीर्ण झाड घ्यायचंच झालं तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावं. रान हे राज्याचं भांडार आहे आणि त्याला मर्यादाही आहे, ही जाण बावडेकरांच्या दप्तरात इतकी जुनी आहे. या भागातल्या जंगलाचा इतिहास सांगताना त्या कलमापासून सुरुवात करावीशी वाटते ती याचसाठी.

शिकारीचा भर आला तो पुढं, संस्थानी काळात. २ एप्रिल १८९४ रोजी गादीवर आलेले शाहू महाराज धिप्पाड, घोड्यावर पक्की मांड असलेले आणि शिकारीचे अतोनात शौकीन. घोडी वठणीवर आणण्यासाठी बनवलेला त्यांचा ‘खडखडा’ आजही कोल्हापूरकरांच्या बोलण्यात आहे. महाराज तो स्वतः हाकत आणि वाटेत भेटेल त्याला, जात न विचारता, शेजारी बसवत. रानडुकराची शिकार ते घोड्यावरून भाल्यानं करत.

संस्थानिकाची शिकार म्हणजे फक्त बंदूक घेऊन निघालेला माणूस नव्हे. तो एक चालता-फिरता गाव असे. राहुट्या आणि शामियान्यांसाठी फरासखाना, हत्तींसाठी पिलखाना, घोड्यांसाठी पागा, जेवणासाठी मुदपाकखाना, असा प्रत्येक खात्याचा लवाजमा आधी पुढं जाई. तळाची जागा निवडताना पाणी जवळ हवं, पण जनावराचा पाणवठा मोडेल इतकं जवळ नको. सावली हवी, पण वाऱ्याच्या तोंडावर नको, कारण स्वयंपाकघराचा धूर आणि माणसाचा वास रानात शिरला की जनावर दोन डोंगर पलीकडं जातं. आज रिसॉर्टचा आराखडा करणाऱ्याला जे प्रश्न पडायला हवेत, ते त्या काळच्या तळ टाकणाऱ्याला रोजचे होते.

पाहुण्यांची बडदास्त खिदमतगार ठेवत, पण जनावर दाखवायचं काम त्यांचं नव्हे. ते माग काढणाऱ्यांचं आणि हाकाऱ्यांचं. पहाटे ओल्या मातीतला खूर, शेणाचा ताजेपणा, कारवीची मोडलेली काठी यांवरून माग काढणारा कळप कुठल्या सांदीत आहे ते सांगे. मग हाकारे अर्धवर्तुळात पसरत, हलगी आणि आरोळ्यांनी हाका उठवत, आणि जनावर हळूहळू मचाणाच्या बाजूला सरके. माणसं पातळ झाली की जनावर फट शोधून निसटे. दाट झाली, आवाज वाढला की ते बिथरून अंगावर येई. हाका बसवणं ही खरी विद्या होती, आणि ती राजवाड्यात नव्हे, डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर होती.

या विद्येचा सर्वांत नाजूक नमुना म्हणजे चित्त्याची शिकार. शाहू महाराजांचे पुत्र राजाराम महाराज यांच्या काळात, म्हणजे १९२२ ते १९४० दरम्यान, कोल्हापूरला आफ्रिकेतून आणलेले चित्ते होते. भारतातला चित्ता तोवर जवळजवळ संपला होता. १९१८ ते १९४५ या काळात इथल्या संस्थानांनी सुमारे २०० चित्ते आफ्रिकेतून मागवले. पिंजऱ्यात चित्त्याची वीण होत नसे, आणि आईकडून शिकार न शिकलेलं पिल्लू कामाचं नाही असं जाणकार मानत. त्यामुळं मोठं जनावर धरून माणसाळवावं लागे. चित्तेवान दिवसेंदिवस त्याच्याजवळ बसे, हातानं भरवे, माणसांच्या गर्दीची आणि गोंगाटाची सवय लावे.

शिकारीच्या दिवशी चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला बैलगाडीवर बसवत. शेतकऱ्यांच्या गाड्या रोज बघितलेल्या असल्यानं काळवीट बैलगाडीला बिचकत नाही, म्हणून बैलगाडीच. गाडी कळपाच्या दिशेनं सरळ न नेता तिरकी, फेऱ्या घेत नेत. अंतर पुरेसं कमी झालं की टोपी निघे. चित्ता कळप हेरून खाली उतरे, थोडं दबकत जाई आणि सुटे. काही सेकंदांत खेळ संपे. काळवीट सापडलं तर चित्तेवान धावत पोचून लाकडी पळीत रक्त किंवा मांसाचा तुकडा पुढं करी, चित्ता त्यात गुंतला की टोपी पुन्हा डोळ्यांवर. नेम चुकला तर चित्ता तिथंच बसून राही, आणि त्या दिवशी त्याला पुन्हा सोडण्यात अर्थ नसे. पाहुण्यांना दिसायचे ते काही सेकंद. त्यामागं चित्तेवानानं घातलेले महिने दिसत नसत.

शाहू महाराजांच्या हौसेच्या खुणा अजून जागोजागी आहेत. बडोद्याच्या खानविलकरांच्या घरातल्या लक्ष्मीबाई त्यांच्या राणी. बडोद्याचा साठमारीचा, म्हणजे हत्तीला डिवचून त्याच्या तावडीतून सुटण्याचा, खेळ त्यांनी कोल्हापुरात आणला, आणि शहरातला एक भाग आजही साठमारी म्हणूनच ओळखला जातो. राधानगरीला हत्तीमहाल आहे, जलाशयातल्या बेटावर बेनझीर व्हिला आहे. राधानगरी हे नावच त्यांच्या कन्येचं, राधाबाईंचं. १९०८ च्या सुमारास वसवलेलं हे गाव आणि भोगावतीवरचं धरण ही एकाच स्वप्नाची दोन अंगं. राधानगरीजवळच्याच दाजीपूरच्या रानात गव्यांचे कळप होते, आणि राजाचं राखीव रान म्हणून ते इतरांच्या बंदुकांपासून वाचले.

जून १९१८ मध्ये धाकटे राजकुमार शिवाजी रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून गेले. त्या धक्क्यातून महाराज पुरते सावरलेच नाहीत.

पण याच राजाच्या कारभारात शिकारीशी जोडलेल्या माणसांचा हिशोबही बदलला, आणि ही बाजू शिकारीच्या आठवणींत फारशी येत नाही. अशा लवाजम्यासाठी गावोगावच्या माणसांना वेठीला धरण्याची रीत देशभरच्या संस्थानांत जुनी होती. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची रोजची हजेरी बंद केली, १९२० मध्ये वेठबिगारीला बंदी घातली. फासेपारध्यांना आपल्या सोनतळीच्या कॅम्पजवळ आसरा दिला, काम दिलं. ज्यांचं रानाचं ज्ञान सरकार दरबारी चोराचं ज्ञान समजलं जाई, त्यांना पगारी माणूस म्हणून उभं केलं. जंगलातल्या पाहुणचाराचा पाया जनावर जाणणाऱ्या माणसावर असतो आणि त्या माणसाला मोबदला आणि मान मिळायला हवा, हे आज वेगळं शिकवायची गरज पडू नये.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झालं. १९५८ मध्ये दाजीपूरचं रान गव्यांचं अभयारण्य म्हणून जाहीर झालं. महाराष्ट्रातल्या अगदी पहिल्या अभयारण्यांपैकी हे एक. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार संपली. १९७४ मध्ये नव्या राजवाड्यात शहाजी छत्रपतींच्या नावाचं संग्रहालय उघडलं. तिथल्या पेंढा भरलेल्या वाघ-गव्यांसमोर आजही शाळेची पोरं उभी असतात. १९८५ मध्ये अभयारण्य वाढून ३५१ चौरस किलोमीटरांचं राधानगरी अभयारण्य झालं आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचा समावेश झाला.

शिकारीतून पाहुणचाराकडं जाण्याची वाट इतर ठिकाणी कशी पडली, ते बघण्यासारखं आहे. केनियात १९३२ मध्ये एरिक शेरब्रुक वॉकर यांनी एका मोठ्या अंजिराच्या झाडावर दोन खोल्यांचं घर बांधलं. खाली पाणवठा आणि खारी जमीन, वर पाहुणे. हेच ते प्रसिद्ध ट्रीटॉप्स. १९५२ च्या फेब्रुवारीत राजकन्या एलिझाबेथ तिथं मुक्कामाला होत्या तेव्हा पाहुण्यांबरोबर वर बसलेले शिकारी होते आपल्या कुमाऊँचे जिम कॉर्बेट. कर्नाटकात १९८० मध्ये सरकारनं जंगल लॉजेस ही कंपनी काढली, आणि काबिनीच्या काठावरच्या म्हैसूरच्या महाराजांच्या शिकारबंगल्यात पाहुणे उतरू लागले. तिथली व्यवस्था बरीच वर्षं सांभाळणारे कर्नल जॉन वेकफिल्ड एकेकाळचे शिकारी. दोन्हीकडं बंदूक गेली, पण माग काढणारा माणूस राहिला. मुक्कामाचं नाव झालं ते त्याच्यामुळं.

दाजीपूरला ही वाट आपल्या परीनं सापडली. गाडीबरोबर स्थानिक वाटाड्या असतो. वाघाचं पाणी, सांबरकोंड, ठक्याचा वाडा, सावराई सडा ही नावं त्याच्या तोंडून ऐकतच रान उलगडतं. पायांत पांढरे मोजे चढवल्यासारखा दिसणारा गवा सड्यावर चरताना दिसेल, नाहीतर दिसणार नाही. पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांसाठी बंद असतं आणि त्याला पर्याय नाही.

गगनबावड्याची अडचण नेमकी इथं आहे. इथला हंगाम पावसाळ्याचा. जिल्ह्यातला सर्वाधिक पाऊस या तालुक्यात पडतो, आणि गाड्यांची रीघ लागते तीही तेव्हाच. डिसेंबर २०२० मध्ये इथलं सुमारे १०४ चौरस किलोमीटर रान संवर्धन राखीव म्हणून मंजूर झालं. म्हणजे रिसॉर्टच्या कुंपणापलीकडचं रान हे राधानगरीपासून विशाळगड, चांदोलीपर्यंत जनावरांच्या ये-जा करण्याच्या वाटेवरचं रान आहे. गवा आणि बिबट्या इथं पाहुण्यांच्या वेळापत्रकानं येत नाहीत, आणि त्यांनी तसं यावं म्हणून मीठ-चारा ठेवणं, रात्री झोत टाकणं किंवा कोंबड्या बांधणं हा गुन्हा तर आहेच, शिवाय शेजारच्या उसाच्या फडात राबणाऱ्या माणसाच्या जिवाशी खेळ आहे. डिसेंबर २०२१ मध्ये गवा थेट कोल्हापूर शहरापर्यंत आला तेव्हा बघ्यांच्या गर्दीनं त्याला कसं बिथरवलं, हे जिल्ह्यानं पाहिलेलं आहे.

मग पावसात पाहुण्याला दाखवायचं काय? दाखवण्यासारखं इतकं आहे की हंगाम पुरणार नाही. पहिल्या पावसानंतर ओढ्यावरच्या फांदीला फेसाचं घरटं लटकवणारा मलबारी उडता बेडूक, करवंदीच्या जाळीत हिरव्या पानांत मिसळून गेलेला चापडा साप, मोरजाईच्या पठारावर आळीपाळीनं उमलणारी सड्याची फुलं, पळसंब्याच्या ओढ्यातली एकसंध कातळातली लेणी. आणि पाऊस सरल्यावरही, उन्हाळ्याच्या तोंडाला, उंच झाडांवर शेकरू आणि धनेश. यातलं काही बघायला उघडी जीप लागत नाही. लागतो तो चापडा कुठल्या फांदीवर आहे हे ओळखणारा आणि पाहुण्याला हात मागं घ्यायला सांगणारा जाणता वाटाड्या, सहा-आठ जणांचा लहान गट आणि मंद विजेरी.

बाकीच्या सोयी त्यावरून ठरतात. कोदे, वेसरफ, अणदूर या तलावांच्या काठांवर ध्वनिक्षेपक नको. अंगणातले दिवे जमिनीकडं तोंड केलेले, पिवळे आणि वेळेवर मालवणारे हवेत. उष्टं-खरकटं त्याच संध्याकाळी झाकून उचललं नाही तर आधी कुत्री येतात आणि कुत्र्यांमागं बिबट्या येतो. सांडपाण्याचा खड्डा ओढ्यापासून दूर हवा, कारण इथून वाहणारं पाणी कुंभीत जातं आणि खालची गावं तेच पितात. तारेच्या कुंपणाऐवजी कारवी-करवंदीची जिवंत कुंपणं, म्हणजे भेकर आणि साळिंदराची वाट अडत नाही.

आणि जनावरांच्या फेरीचं भाडं ठरवताना त्यातला वाटाड्याचा वाटा पाहुण्याच्या पावतीवर वेगळा छापावा. घाटमाथ्यावरच्या धनगरवाड्यांवर गुरं राखत वाढलेली पोरं पुण्या-मुंबईला हॉटेलात भांडी घासायला जातात. रान ओळखणारे तेच आहेत, आणि त्यांना इथंच काम देणं कुठल्याही मुक्कामाच्या आवाक्यात आहे.