कमी उजेडात वस्तूंचे फोटो: एफ/१.८ लेन्स घ्यावी की मॅक्रो?

आखाजी किंवा दिवाळी जवळ आली की जळगावात दागिन्यांच्या फोटोंना जोर चढतो. सुवर्णनगरीतले मोठे सराफ फोटोसाठी स्टुडिओ लावू शकतात. पण घरून नथी, ठुशी, पोत विकणाऱ्यांकडे बहुतेक वेळा एक खोली, एक ट्यूबलाइट आणि कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ची किट लेन्स एवढंच असतं. फोटो हलतो, दाणेदार येतो, मोती पिवळट दिसतात. कुणाला विचारलं तर सल्ला ठरलेला: "५० एमएमची एफ/१.८ लेन्स घे, अंधारात भारी चालते."

हा सल्ला अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा समजून न घेता पैसे घातले, तर लेन्स नवी येते आणि नथीचा फोटो तसाच राहतो. म्हणून आधी थोडं गणित पाहूया.

एफ/१.८ म्हणजे नेमकं काय?

लेन्सच्या आत उजेड येण्यासाठी एक छिद्र असतं, त्याला ॲपर्चर म्हणतात. एफपुढचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं आणि उजेड जास्त. किट लेन्स ५५ मिमीवर जास्तीत जास्त एफ/५.६ इतकीच उघडते. त्या तुलनेत एफ/१.८ लेन्स सुमारे १० पट उजेड आत घेते. लग्नाच्या हॉलमध्ये, पळणाऱ्या मुलांच्या फोटोंसाठी हा फरक प्रचंड आहे.

पण मोठ्या छिद्राची एक किंमत असते. फोटोत जेवढी खोली स्पष्ट दिसते, ती कमी होते. जवळून फोटो काढताना तर फारच. कॅननची ५० मिमी एफ/१.८ एसटीएम लेन्स क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यावर लावून सर्वात जवळून, एफ/१.८वर फोटो काढला, तर जेमतेम २ मिमीचा पट्टा स्पष्ट येतो. नथीचा पुढचा मोती लख्ख आणि मागची तार धूसर! पूर्ण नथ स्पष्ट हवी असेल तर एफ/८च्या आसपास जावं लागतं. म्हणजे ज्या एफ/१.८साठी पैसे दिले, ते वापरताच येत नाही.

मग उजेडाचं काय?

इथे वस्तूचा एक मोठा फायदा आहे: ती हलत नाही. एफ/१.८वर १/६० सेकंदाचा शटर लागत असेल, तर तेवढ्याच उजेडात, त्याच आयएसओवर, एफ/८ला साधारण १/३ सेकंद लागतो. हातात कॅमेरा धरून हे जमणार नाही. ट्रायपॉडवर सहज जमतं. २ सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबल्याचा धक्काही बसत नाही. आयएसओ १०० किंवा २०० ठेवा, फोटो दाणेदार येणार नाही.

थोडक्यात, स्थिर वस्तूसाठी कमी उजेडाचा पहिला उपाय ट्रायपॉड आहे. लेन्स निवडताना वेगळा प्रश्न विचारायचा: ती किती जवळ जाऊ देते आणि वस्तू किती मोठी दाखवते?

जळगावची नथ: आकडे काय सांगतात?

लेन्सच्या माहितीपत्रकात 'मॅक्सिमम मॅग्निफिकेशन' असा आकडा असतो. तो सगळ्यात आधी पाहा. क्रॉप सेन्सरच्या कॅनन कॅमेऱ्यावर हिशेब असा:

• ५० मिमी एफ/१.८ एसटीएम: ०.२१ पट. फ्रेममध्ये किमान १०.६ सेंमी रुंदी येते.
• १८-५५ किट लेन्स (आयएस २): सुमारे ०.३४ पट. फ्रेममध्ये साधारण साडेसहा सेंमी रुंदी.
• खरी मॅक्रो लेन्स: १ पट. फ्रेममध्ये फक्त २.२ सेंमी.

म्हणजे ३ सेंमीची नथ तुमच्याकडची किट लेन्स ५० एमएमपेक्षा मोठी दाखवते! मॅक्रोमध्ये तर अख्खी नथ मावत नाही. एकेका मोत्याची बांधणी दिसते. फोटो फक्त इन्स्टाग्रामवर टाकायचा असेल तर इतकं जवळ जायची गरजही नसते. २४ मेगापिक्सेलच्या फोटोतून नथ कापून घेतली तरी १०८० पिक्सेलपेक्षा मोठी राहते. कारागिरी दाखवायची असेल, झुमकर ग्राहक बारकावे बघणार असतील, तर मॅक्रो घ्या.

मॅक्रोमध्येही फरक आहे. निकॉनची ४० मिमी एफ/२.८ डीएक्स मायक्रो १६.३ सेंमीवरून पूर्ण आकार दाखवते. पण हे अंतर सेन्सरपासून मोजतात. लेन्सच्या टोकापासून दागिन्यापर्यंत जेमतेम साडेतीन सेंमी उरतात. मग लेन्सचीच सावली पडते आणि सोन्यात कॅमेऱ्याचं प्रतिबिंब दिसतं. ९० ते १०५ मिमीची मॅक्रो घेतली तर जास्त अंतर मिळतं, दिवा ठेवायला जागा मिळते. ती महाग आणि जड असते. कॅननच्या ३५ मिमी ईएफ-एस मॅक्रोने दुसरा मार्ग काढलाय: लेन्सच्या टोकालाच छोटे एलईडी दिवे आहेत.

धुळ्याची पोथी: इथे ५० एमएम जिंकते

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचं ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झालं. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ १९२७पासून धुळ्यात आहे. समर्थ वाग्देवता मंदिरातही हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. अनेक घरांत आजोबांच्या पेटीतही अशी पोथी, वही, मोडी कागद निघतात. तो कागद पुन्हा हाताळायला मिळेलच असं नाही, त्यामुळे फोटो पहिल्यांदाच नीट यायला हवा.

जुन्या कागदाला आणि शाईला तीव्र उजेड सोसत नाही. संग्रहालयांत अशा वस्तूंसाठी साधारण ५० लक्स इतकाच मंद प्रकाश ठेवण्याचा संकेत आहे. म्हणून प्रखर दिवे नकोत, ऊनही नको.

पोथीचं पान सपाट आणि मोठं असतं. ३० सेंमी रुंद पानासाठी ५० एमएम लेन्स साधारण पाऊण मीटरवर ठेवावी लागते. ही लेन्स एफ/५.६ ते एफ/८ला कोपऱ्यापर्यंत स्पष्ट आणि ओळी सरळ दाखवते. किट लेन्स १८ मिमीवर वापरली तर पानाच्या कडा वाकड्या दिसतात. कॅमेरा पानाला अगदी समांतर हवा, नाहीतर एक बाजू धूसर येते.

अजिंठा: इथे खरंच मोठं ॲपर्चर लागतं

जळगावहून साधारण ६० किमीवरच्या अजिंठ्यात चित्रांवर फ्लॅश मारायला बंदी आहे. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉडसाठी परवानगी लागते. छायाचित्रकार बिनॉय बहल यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ही चित्रं प्रखर दिव्यांशिवाय, लांब एक्स्पोजर देऊन टिपली. आपल्यासारख्या पर्यटकाच्या हातात कॅमेरा असतो. त्यामुळे तिथे एफ/१.८ आणि लेन्समधली किंवा कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची सोय दोन्ही उपयोगी पडतात. भिंत दूर असते, त्यामुळे स्पष्ट खोलीची अडचणही फारशी येत नाही.

खरेदीआधी

१. आधी किट लेन्स ५५ मिमीवर, एफ/८ला, ट्रायपॉड लावून खिडकीजवळ वापरून पाहा. ट्यूबलाइट बंद ठेवा. दोन रंगांचे उजेड मिसळले की सोन्याचा रंग बिघडतो. ट्रायपॉडवर लेन्समधलं स्थिरीकरण बंद करा. फोटो चांगला आला तर पैसे वाचले.

२. ५० एमएम आधीच आहे? मग एक्स्टेन्शन ट्यूबचा विचार करा. कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणाऱ्या या पोकळ कड्या असतात. २५ मिमीची ट्यूब लावली की मोठेपणा ०.२१वरून सुमारे ०.७ पटीवर जातो. ट्यूबमध्ये विजेचे संपर्कबिंदू आहेत ना, हे बघा. ते नसतील तर कॅननच्या अशा लेन्सचं ॲपर्चर बदलता येत नाही.

३. निकॉन डी३५०० किंवा डी५६०० असेल तर नावात 'एएफ-एस' किंवा 'एएफ-पी' असलेलीच निकॉन लेन्स घ्या. जुन्या 'एएफ-डी' लेन्सवर या कॅमेऱ्यांत ऑटोफोकस चालत नाही.

४. जुनी लेन्स घेताना ती मोबाइलच्या टॉर्चसमोर धरा. काचेत जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. अशी लेन्स घेऊ नका.

५. दुकानात जाताना आपला कॅमेरा, मेमरी कार्ड आणि ज्या वस्तूचे फोटो काढायचेत ती वस्तू सोबत न्या. दोन लेन्सवर तोच फोटो काढा आणि घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर पाहा. पैसे त्यानंतर द्या.