वळिवडे येथील पोलिश वसाहत व तिची लोकसंख्या (१९४३–१९४८)

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, कोल्हापूरनजीक वळिवडे येथे पोलिश निर्वासितांची वसाहत स्थापन झाली. चर्च, शाळा, रुग्णालय असलेले सुमारे ५,००० वस्तीचे ते एक युरोपीय गावच होते. मात्र या लोकसंख्येत स्त्रिया, मुले व वृद्ध यांचेच प्राबल्य होते. त्याचे कारण वसाहतीच्या व्यवस्थेत नव्हे, तर तिच्या पूर्वेतिहासात शोधावे लागते. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधील असंख्य कुटुंबांना सैबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केले. १९४१ च्या करारान्वये त्यांची सुटका झाली. १९४२ मध्ये त्यांपैकी अनेक जण इराणला पोहोचले. लढण्याजोगे पुरुष जनरल अँडर्स यांच्या सैन्यात दाखल होऊन पुढे इटलीच्या आघाडीवर गेले. मागे उरलेल्यांपैकी काही हजार हिंदुस्थानात आले.

युद्ध संपले तरी वसाहत लगेच रिकामी झाली नाही, ही बाब विशेष लक्षणीय आहे. १९४५ च्या याल्टा परिषदेने पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे गेल्याचे मान्य केले. ज्या गावांतून ही माणसे निघाली होती ती गावे आता त्यांच्या देशातच उरली नव्हती. साहजिकच अनेकांनी मायदेशाऐवजी ब्रिटनचा मार्ग धरला. तेथे अँडर्स यांचे सैनिक आधीच पोहोचले होते. १९४८ मध्ये वसाहत बंद झाली. तिच्या बराकींत फाळणीने बेघर झालेली सिंधी कुटुंबे राहावयास आली. आज घाऊक कापडबाजारासाठी प्रसिद्ध असलेले गांधीनगर ते हेच.