नवजात कक्षात हातांची स्वच्छता
नवजात अतिदक्षता कक्षात जंतू बाळापर्यंत पोहोचतात ते बहुधा सेवा देणाऱ्यांच्याच हातांवाटे. दिल्लीतील तीन रुग्णालयांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अ‍ॅसिनेटोबॅक्टर व क्लेब्सिएला हे जंतू आघाडीवर होते. त्यांतील बरेचसे अनेक प्रतिजैविकांना दाद देत नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेनुसार साबण-पाण्याने हात धुण्यास ४० ते ६०, तर अल्कोहोलयुक्त द्रावण चोळण्यास २० ते ३० सेकंद लागतात. एका परिचारिकेकडे अनेक बाळे सोपवल्यावर तिने एवढा वेळ आणायचा कोठून? त्यामुळे द्रावणाची बाटली प्रत्येक बाळाशेजारीच हवी. हात मळलेले दिसत असल्यास मात्र साबण-पाणीच. हातमोज्यांमुळे यातून सुटका नाही. अंगठ्या, घड्याळे बाहेर काढून ठेवावीत. आईला मात्र बाहेर ठेवू नये. स्वच्छ हातांनी तिने बाळाला उघड्या छातीशी धरल्यास कमी वजनाच्या बाळांतील संसर्गाचा धोका घटतो.