सेव्हिल : देवालयाच्या पायऱ्या आणि बाजार

आपल्याकडे मनुष्य परगांवीं गेला म्हणजे त्याचीं दोन कामें ठरलेलीं असतात : स्थळदर्शन आणि बाजारहाट. पंढरीच्या वारकऱ्यालाही विठ्ठलाच्या पायांवर डोकें ठेवल्यानंतर चुरमुरे, बुक्का व लेकीसुनांसाठीं बांगड्या घेतल्यावांचून घरीं परतवत नाहीं. मात्र हीं दोन कामें आपण मनांत निरनिराळीं ठेवतों. स्पेन देशाच्या दक्षिण भागांतील सेव्हिल या मोठ्या शहरांत तीं तशीं ठेवतां येत नाहींत. तेथें जें पाहावयाचें त्यांतलें पुष्कळसें व्यापारानेंच उभें केलें आहे, आणि जें विकत घ्यावयाचें त्याच्या पाठीशीं तीनचारशें वर्षांचा जमाखर्च आहे. ती वही आज थोडी चाळून पाहूं.

सेव्हिल समुद्रकांठीं नाहीं. समुद्र तेथून सुमारें 50 मैलांवर आहे. परंतु ग्वादाल्किव्हिर नदीच्या पात्रांतून जुन्या काळचीं तारवें थेट शहराच्या धक्क्याला लागत. नदीचें हें नांव मूळ अरबी असून त्याचा अर्थ ‘मोठी नदी’ एवढाच आहे. रोमन लोक या शहराला हिस्पालिस म्हणत, अरबांनीं इश्बीलिया केलें. 1248 सालीं कॅस्टीलचा राजा तिसरा फर्दिनांद यानें वेढा घालून तें घेतलें, आणि तेथल्या मुसलमान रहिवाशांना घरेंदारें टाकून निघून जावें लागलें. त्यांची थोरली मशीद मात्र राहिली. 1401 सालीं तिच्या जागीं एक विशाल कॅथीड्रल बांधण्याचा ठराव झाला व पुढें शतकभर तें काम चाललें. मशिदीच्या चौकांत लोक नमाजापूर्वीं हातपाय धूत असत. तो चौक आज नारिंगांच्या झाडांसह उभा आहे. मनोराही उभा आहे. त्याचें नांव हिराल्दा. 1198 सालीं पुऱ्या झालेल्या या मनोऱ्याच्या आंत जिना नसून 35 उतरत्या चढणी आहेत. बांग देणाऱ्यास घोड्यावर बसून वर जातां यावें म्हणून ही योजना, असें सांगतात. साठी उलटलेल्या आमच्यासारख्यांनीं त्या गवंड्याला मनोमन दुवा द्यावा अशीच ही सोय आहे. 1568 पर्यंत त्यावर ख्रिस्ती घंटाघर चढविण्यांत आलें. तेव्हां या मनोऱ्याचें धड मुसलमानी व मस्तक ख्रिस्ती आहे, आणि दोन्ही एकमेकांस शोभतात, हें मान्य केलें पाहिजे.

आतां मनोरा सोडून खालीं पायऱ्यांकडे या. प्रवासी त्या ओलांडून आंत जातो व त्यांकडे पाहतही नाहीं. पण माझ्या मतें शहराचा खरा इतिहास तेथेंच घडला. 1503 सालीं राणी इसाबेला हिनें सेव्हिल येथें ‘कासा दे कोंत्रातासियोन’ नांवाची कचेरी स्थापिली. नव्या खंडाशीं होणारा व्यापार, जाणारें प्रत्येक गलबत, येणारा प्रत्येक माल या कचेरीच्या नजरेखालून जावा, असा नियम झाला. व्यापारी जमूं लागले. आणि जमावयाचें कोठें, तर कॅथीड्रलच्या या पायऱ्यांवर. तेथें हुंड्या लिहिल्या जात, लिलांव पुकारले जात. ऊन चढलें किंवा पाऊस आला म्हणजे हीच मंडळी सौदा तोंडांत धरून आंत शिरत आणि देवासमोर भाव ठरत. त्याच पायऱ्यांवर माणसांचाही लिलांव होई. आफ्रिकेंतून आणलेले स्त्रीपुरुष येथें उभे केले जात. 1565 च्या गणतींत या एका शहरांत 6 हजारांहून अधिक गुलाम मोजले गेले.

1572 सालीं तेथील आर्चबिशपनें राजा दुसरा फिलिप याजकडे तक्रार केली, तिचा रोख देवालयाच्या विटंबनेवर होता. राजानें व्यापाऱ्यांसाठीं स्वतंत्र इमारत बांधविण्याचें ठरविलें. हुआन दे एर्रेरा या नामांकित शिल्पज्ञाच्या आराखड्याप्रमाणें 1584 सालीं काम सुरू झालें व 1598 सालीं तेथें व्यवहार होऊं लागले. हीच ‘लोन्हा’, म्हणजे व्यापाऱ्यांची पेढी. देवालय सौद्यांतून सुटलें. गुलाम मात्र सुटले नाहींत.

लोन्हाची कथा पुढें गमतीची आहे. इमारत तयार झाली आणि थोड्याच वर्षांत व्यापार ओसरूं लागला. 1660 सालीं तिच्या रिकाम्या दालनांत मुरिल्यो या चित्रकारानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं चित्रकलेची शाळा भरविली. 1785 सालीं तिसरा कार्लोस राजा यानें साम्राज्याचीं कागदपत्रें एकत्र ठेवण्यासाठीं ती निवडली. आज तेथें सुमारें 43 हजार रुमाल व 8 कोटी पानें आहेत. दफ्तराच्या नांवांत ‘इंडीज’ शब्द आहे, त्यावरून तें आपल्या हिंदुस्थानचें समजूं नये. तें मुख्यतः अमेरिका व फिलिपाईन्स यांचें आहे. वर्गांत हा घोटाळा उलगडतां उलगडतां माझीं बरींच वर्षें गेलीं. कोलंबसानें केलेली चूक मुलांनीं करावी यांत नवल तें काय?

या सर्व वैभवाचा पाया म्हणजे रुपें. दक्षिण अमेरिकेंतील पोतोसीची खाण 1545 सालीं सांपडली. तेथें खेडोपाडींच्या मूळ रहिवाशांना पाळीपाळीनें वेठीस धरून आंत उतरविण्यांत येई. रुपें सेव्हिलला उतरे. त्याचा पांचवा हिस्सा राजाचा. इतकें असून दुसऱ्या फिलिपनें 1557, 1575 व 1596 या सालीं आपलें दिवाळें जाहीर केलें. रुपें धक्क्यावर उतरण्यापूर्वींच युद्धांच्या कर्जापोटीं जिनोआच्या सावकारांकडे गहाण पडलेलें असे. धान्य महागलें, तें मात्र गरिबाला.

येथें आपला एक धागा लागतो. 1580 ते 1640 पर्यंत पोर्तुगालचें राज्य स्पेनच्याच राजाकडे होतें. म्हणजे गोवा, चौल व वसई यांचाही धनी तोच. मसाल्याचा व्यापार मात्र लिस्बनकडेच राहिला. दुसरा धागा रुप्याचा. इंग्रज व डच वखारवाल्यांनीं सुरतेस जें रुपें आणलें, त्यांत स्पॅनिश आठ रिआलांचीं नाणीं विपुल होतीं. 1664 सालीं शिवाजीमहाराजांनीं सुरत लुटली, त्या लुटींत पोतोसीच्या डोंगरांतलें कांहीं रुपें असणें असंभवनीय नाहीं. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे.

सेव्हिलचें भाग्य नदीनें दिलें, आणि नदीनेंच नेलें. गलबतें मोठीं होत गेलीं, पात्र गाळानें भरत गेलें. 1649 च्या प्लेगांत जवळजवळ निम्मी वस्ती मेली. 1717 सालीं ती कचेरी उठून समुद्रकांठच्या कादिझला गेली.

आतां खरेदी. कॅथीड्रलपासून थोड्याच अंतरावर सिएर्पेस नांवाची अरुंद गल्ली आहे. गाड्यांना मज्जाव, उन्हाळ्यांत छपरांछपरांमध्यें कापडी छत ताणतात. पंखे, टोप्या, जाळीदार ओढण्या येथें मिळतात. याच गल्लीच्या तोंडाशीं सरकारी तुरुंग होता, व 1597 सालीं त्यांत सर्व्हांतेस हा लेखक कोंडला गेला. तो करवसुलीचा कारकून होता. वसूल ज्या सराफाकडे ठेवला, तो बुडाला. ‘डॉन किहोते’ची कल्पना तुरुंगांत सुचली असें तो स्वतः सुचवितो, हा तोच तुरुंग, असें पुष्कळ जण मानतात.

दुकानांत ‘मांतोन दे मनिला’ नांवाची भरजरी दिसणारी रेशमी शाल दाखवितील. ती मनिलाची नव्हे. मुळांत ती चीनमध्यें विणली व भरली जाई. मनिलाहून गलबतानें आकापुल्को, तेथून खेचरांच्या पाठीवर मेक्सिको ओलांडून व्हेराक्रूझ, पुन्हा गलबत, आणि मग स्पेन! 1815 पर्यंत हा मनिला-आकापुल्कोचा मार्ग चालू होता. आतां आसपासच्या गांवांतल्या बायाच हातानें भरतकाम करतात. हातची शाल महाग असते आणि ती तशी असावी. स्वस्त मिळाली तर यंत्राची समजावी. खाऊ हवा असेल तर सान लेआंद्रो मठांतील संन्यासिनी अंड्याचा बलक व साखर यांची मिठाई करतात. त्या दिसत नाहींत. भिंतींत एक फिरतें कपाट असतें. त्यांत पैसे ठेवावे, कपाट फिरतें, पुडा येतो.

सर्वांत शेवटीं नदी ओलांडून त्रियानाला जावें. पूर्वीं येथें 1171 पासून होड्यांचा पूल होता. सध्यांचा लोखंडी पूल 1852 चा. त्रियाना ही कुंभारांची वस्ती. रंगीत फरशीला तेथें ‘असुलेहो’ म्हणतात. हा शब्दही अरबीच. शहराच्या ग्रामदेवता म्हणाव्या अशा दोघी संतिणी, हुस्ता व रुफिना, याच वस्तींतल्या मडकीं विकणाऱ्या. रोमन अमलांत मूर्तिपूजेच्या उत्सवाला भांडीं देण्याचें त्यांनीं नाकारलें आणि प्राण दिले, अशी कथा आहे. मुरिल्योच्या चित्रांत दोघी हिराल्दा हातीं धरून उभ्या आहेत, पायांशीं मडकीं.

पुलाच्या टोकाशींच त्रियानाची मंडई आहे. मासळी, भाजी, ऑलिव्ह, सुकें मांस यांचीं दुकानें, आणि प्रत्येक गाळ्यावर फरशीची पाटी. या जागीं पूर्वीं सान होर्हेचा किल्ला होता. 1481 पासून तीन शतकें धर्मविरोधकांचा शोध घेणाऱ्या इन्क्विझिशनचें ठाणें त्यांत होतें. गोव्यांत 1560 सालीं पोर्तुगीजांनीं जें न्यायासन स्थापिलें, तें याच जातीचें. किल्ला पाडला, वर बाजार बसला. मंडई नव्यानें बांधतांना खालीं त्याचे पाये निघाले, ते आतां लोकांस पाहावयास खुले केले आहेत. भाजीची पिशवी हातीं असलेली बाई वरून जाते. खालीं ज्यांना कोंडीत त्यांच्या खोल्यांच्या भिंती कमरेएवढ्या उरल्या आहेत. आंत जाण्याचा दरवाजा पुलाच्या बाजूस आहे.